घरमालक आणि भाडेकरू : न्यायाचा तराजू
(व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा सारांश)



गिरगाव, लालबाग, परळ या भागांतील जुन्या चाळींत आजही अशी बिऱ्हाडे आहेत, की ज्यांचे मासिक भाडे विजेच्या देयकापेक्षा कमी भरते. त्याच चाळींचे जिने टेकूंवर उभे आहेत. दुरुस्ती कोणी करावी, हा वाद वर्षानुवर्षे चालतो. पावसाळा मात्र निकालासाठी थांबत नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत कोसळली आणि तीसहून अधिक जीव गेले.

हे असे का झाले? महायुद्ध आणि फाळणीनंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे आवश्यकच होते. १९४७च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४०चे भाडे प्रमाण मानले. संकटकाळातील ही तरतूद मुदतवाढ घेत अर्धशतक टिकली. भाड्यातून डागडुजीही होईना, म्हणून मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली आणि व्यवहार पागडीच्या अंधारात गेला. अखेर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात गोठवलेले भाडे आता वाजवी राहिले नसल्याचे स्पष्ट केले.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २०००पासून लागू झाला. त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. परंतु शंभर रुपयांवर चार टक्के म्हणजे चार रुपये! पाया चुकला की वाढीला अर्थ उरत नाही.

याउलट आजचा तरुण अकरा महिन्यांच्या करारावर राहतो. मुदत संपताच घर सोडावे लागते. मुलांची शाळा बदलते, अनामत परत मिळवताना दमछाक होते. एका पिढीला अमर्याद संरक्षण, तर दुसरीला जवळजवळ काहीच नाही, हा समतोल नव्हे.

मग मार्ग कोणता? २०२१च्या केंद्रीय आदर्श भाडेकरार कायद्याने दिशा दाखवली आहे : निवासी अनामत दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच, लेखी करार आणि स्वतंत्र भाडे न्यायालय. तो स्वीकारणे राज्यांच्या इच्छेवर आहे आणि जुन्या भाडेकरारांना तो लागू नाही. जुन्या चाळींसाठी भाडे टप्प्याटप्प्याने वाढवावे. त्यातला ठरावीक वाटा दुरुस्तीसाठीच राखावा. आणि निराधार वृद्ध भाडेकरूंचा भार मालकावर न टाकता शासनाने उचलावा. दया करावी ती समाजाने, एका कुटुंबाच्या खिशातून नव्हे.

मालक हा शोषक आणि भाडेकरू हा घुसखोर, ही दोन्ही चित्रे खोटी आहेत. मालकाला मोबदला नाकारला, तर छप्पर टिकत नाही. भाडेकरूला स्थैर्य नाकारले, तर संसार टिकत नाही. आणि छप्पर कोसळते, तेव्हा त्याखाली कोण आहे हे ते विचारत नाही.