कुत्र्याला वळण लावावे कसे?

छावणी येथील प्रौढ वर्गात झालेले भाषण



आपल्या छावणीत दर गुरुवारी बाजार भरतो. पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, सगळीकडून माणसे येतात. बैलांचा सौदा चालतो, शेळ्या ओरडतात, टेम्पो भोंगे वाजवतात. एवढ्या गलक्यात एखादा कुत्रा धन्याच्या मागोमाग शांत चालताना दिसतो. कुणाच्या पायात येत नाही, कुणावर गुरगुरत नाही.

दुसरा एक कुत्रा असतो. तो बाजारात दिसत नाही. तो घरी असतो, दारात साखळीला. पाहुणा आला, पोस्टमन आला, शेजारचे लेकरू चेंडू घ्यायला आले, की हा झेप घालतो. एक दिवस साखळी तुटते. मग दवाखाना, सुया, आणि दोन घरांत कायमचे वैर.

दोन्ही कुत्रे गावठीच. कदाचित एकाच आईचे. मग फरक कुठे पडला?

फरक पडला लहानपणी.

धनगराचा कुत्रा पाहा. धनगर वाडा घेऊन रानात उतरतो. रात्री लांडगा आला, तर हा कुत्रा त्याच्या अंगावर धावून जातो. पण मेंढीला तो दात लावत नाही. कोकरू पाठीवर चढले तरी मुकाट पडून राहतो. त्याला काय कोणी शाळेत घातले होते? नाही. डोळे उघडले तेव्हापासून तो मेंढरांत वाढला. मेंढीचा वास, कोकराचे ओरडणे, हे सारे त्याच्या घरचे झाले.

जे मेंढरांचे, तेच माणसांचे. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण तिसऱ्या महिन्यापर्यंत पिलू जे पाहते, ते त्याला आपले वाटते. त्या दिवसांत जे दिसलेच नाही, त्याची पुढे भीती वाटते. आणि भ्यालेला कुत्राच बहुतेक वेळा चावतो. आपण म्हणतो, कुत्रा तापट आहे. अहो, तो तापट नसतो, घाबरट असतो.

पिलू दोन महिने आईपाशी राहू द्या. भावंडांशी खेळताना, चावा किती जोरात घ्यायचा नाही, हे ते तिथेच शिकते. मग घरी आणा. आता हाताशी एकच महिना उरला. या महिन्यात त्याला जग दाखवा. काठी टेकणारी म्हातारी, पागोटेवाला, बुरख्यातली बाई, मोटारसायकल, बैल, कोंबडी, शाळेतून सुटलेली पोरे. पण दाखवा म्हणजे फरफटत नेऊ नका. लांबून दाखवा, भाकरीचा तुकडा द्या. पिलू दबले, शेपूट पायात गेले, तर चार पावले मागे या. आणि लसी पुऱ्या होईपर्यंत त्याला कडेवर घेऊनच फिरवा. भटकी कुत्री घाण करतात त्या जागी खाली सोडू नका. रक्ताची हगवण लागली, तर दोन दिवसांत पिलू हातचे जाते.

आता शिकवणे. त्याला फार काही लागत नाही. खिशात भाकरीचे बारीक तुकडे ठेवा. तुकडा पिलाच्या नाकापुढे धरा, हळूच डोक्यावर न्या. मान वर झाली की बूड आपोआप टेकते. त्याच क्षणी म्हणा, ‘बस’, आणि तुकडा द्या. उशीर केला तर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही. ‘ये’ म्हणून हाक मारली आणि पिलू आले, तर रागावू नका. मग ते बूट चावून आलेले असो. एकदा येऊन मार खाल्ला, की दुसऱ्यांदा कोण येईल? दिवसातून तीनदा, पाच-पाच मिनिटे पुरे. घरातल्या सगळ्यांनी शब्द मात्र एकच वापरावा. बाप म्हणतो ‘बस’, आई म्हणते ‘खाली बस की रे’, पोरगा म्हणतो ‘सीट’. पिलाने ऐकायचे कुणाचे?

घरात घाण केली तर नाक घासू नका. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर बाहेर न्या. तिथे केली की शाबासकी द्या.

सर्वांत महत्त्वाचे सांगतो. कुत्रा गुरगुरला म्हणून त्याला मारू नका. गुरगुरणे ही त्याची भाषा आहे. ‘मला भीती वाटते, लांब व्हा’ असे तो सांगतो. त्याआधीही तो सांगत असतो. तोंड फिरवतो, ओठ चाटतो, अंग ताठ करतो, डोळ्याचा पांढरा भाग दाखवतो. मार देऊन गुरगुरणे बंद केले, तर भीती जात नाही, फक्त इशारा जातो. मग तो न सांगता चावतो. लेकरांना हे शिकवा. कुत्रा खात असेल, झोपला असेल, कुत्री पिलांपाशी असेल, तर हात लावायचा नाही. आणि अगदी लहान मुलाला कुत्र्यापाशी एकटे सोडू नका, कुत्रा कितीही गरीब असो. पिलू जेवत असता मोठ्यांनी मधूनच त्याच्या ताटलीत चांगलासा तुकडा टाकावा. म्हणजे जवळ येणारा हात देणारा आहे, असे त्याला वाटते.

कुठे कुठे पिलाला मिरची चारतात, कान कापतात, उपाशी बांधून ठेवतात. म्हणे राखण चांगली करतो. राखण करणारा कुत्रा भुंकून धन्याला उठवतो. समोर येईल त्याला फाडणारा कुत्रा उद्या धन्याच्याच नातवाला फाडील. शिवाय प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये म्हणून 1960 साली कायदा झालेला आहे. कुत्र्याला सदा बांधून ठेवून फिरवायचे नाही, हा त्या कायद्याने गुन्हा आहे.

1993 साली मुंबईत बाँबस्फोट झाले. तेव्हा पोलिसांच्या झंजीर नावाच्या कुत्र्याने तीन हजार किलोहून अधिक स्फोटके शोधून दिली. असे वास काढणारे कुत्रे मार देऊन तयार होत नाहीत. वस्तू सापडली की चेंडू मिळतो, खाऊ मिळतो, त्या आनंदाने ते काम करतात.

आपल्याकडे तर कुत्र्याचा मान मोठा. खंडोबाच्या पायाशी कुत्रा, दत्तापाशी चार कुत्रे. सातारा गावच्या खंडोबाला आपण जातो, आणि घरी येऊन दारच्या वाघ्याला लाथ घालतो.

तिसरा महिना पुरा झाला की पिसाळण्याची लस टोचून घ्या. पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तेव्हा दुसरी, आणि मग दरवर्षी. तरीही कुणाला कुत्रा चावलाच, तर हळद, चुना, तिखट काही लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. मांत्रिकाकडे जाण्यात दिवस घालवू नका. हा रोग एकदा उमटला, की माणूस वाचत नाही.

आता कोणी म्हणेल, आमचा कुत्रा पाच वर्षांचा झाला, जन्म साखळीत गेला, त्याचे काय? त्याचेही थोडेफार होते, पण सावकाश. साखळी लांब करा. भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, मजबूत पट्टा लावून फिरवा. तोंडाला जाळी घालायची सवय आधी घरातच लावा. पाहुणा लांब उभा असतानाच, कुत्रा भुंकायच्या आत, तुकडा टाका. महिन्याभराने पाहुणा दोन पावले जवळ. घाई केली तर सगळे पहिल्यावर येते. काही कुत्रे पुरते बदलत नाहीत. त्यांच्यासाठी अंगणाला फाटक करावे, आणि फाटकावर ठळक अक्षरांत पाटी लावावी. आता तर ती तुम्हांला स्वतः लिहिता येईल.