संगतीचें वय

मुलगा चौदा-पंधरा वर्षांचा झाला कीं घराघरांतून एक तक्रार ऐकूं येऊं लागते: "आमचा मुलगा मूळचा चांगला, संगतीनें बिघडला." ही तक्रार जितकी सार्वत्रिक, तितकीच गमतीची आहे. प्रत्येक घरांतला मुलगा दुसऱ्याच्या संगतीनें बिघडत असेल, तर बिघडविणारा तो दुसरा मुलगा कोणत्या घरांत राहतो, याचा पत्ता कधींच लागत नाहीं. त्याच्याही घरीं नेमकें हेंच वाक्य उच्चारलें जात असतें. ढवळ्याशेजारीं बांधला पवळ्या, वाण नाहीं पण गुण लागला, ही म्हण शेतकऱ्याच्या गोठ्यांतून आली. परंतु बैलाच्या गळ्यांत दावें असतें. तो शेजार त्यानें निवडलेला नसतो. मुलगा मात्र आपल्या पायांनीं शेजाऱ्याकडे जातो. तो कां जातो, हा खरा प्रश्न आहे.

नंदुरबार तालुक्यांतील रनाळ्यासारखें एखादें गांव डोळ्यांपुढें आणावें. तेथून पुढील शिक्षणासाठीं शहरांत जाणारा मुलगा घरीं अहिराणी बोलतो. कुणाच्या घरीं भिली बोलली जाते. शहरांतल्या वर्गांत पहिल्याच आठवड्यांत त्याच्या एखाद्या शब्दावर हंशा पिकतो. दुसऱ्या आठवड्यापासून तो शब्द त्याच्या तोंडून नाहींसा होतो. वर्ष सरतां सरतां अशी वेळ येते कीं, बाजारांत आईनें आपल्या बोलींत हांक मारली, तर तो मान खालीं घालून पुढें चालूं लागतो. त्याला कुणी धाक घातलेला नसतो, कुणी हात उगारलेला नसतो. केवळ हंशा पुरेसा झालेला असतो.

हाच हंशा पुढें त्याच्या तळहातावर तंबाखूची चिमूट ठेवतो. भारतांत २०१९ सालीं १३ ते १५ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांची जी पाहणी झाली, तींत शेंकडा साडेआठ मुलें तंबाखूचें कोणत्या ना कोणत्या रूपानें सेवन करीत असल्याचें आढळलें. अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकूं नये व शाळेपासून शंभर यार्डांच्या आंत तिची विक्री करूं नये, असा कायदा २००३ सालीं झाला. महाराष्ट्रानें २०१२ सालीं गुटख्यावर बंदी घातली. परंतु कायदा दुकानदाराचा हात धरूं शकतो. मित्राच्या चिमटींत काय आहे, तें त्याला दिसत नाहीं. शिवाय पूर्वीं दिवेलागणीला मुलगा घरीं आला कीं त्याची संगत अंगणाबाहेर राही. आतां मोबाइलच्या रूपानें ती त्याच्या उशाशीं निजते.

या शक्तीचें मोजमाप मानसशास्त्रज्ञांनीं केलें आहे. सॉलोमन ॲश या अमेरिकन संशोधकाचा प्रयोग १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यानें महाविद्यालयीन तरुणांना कांहीं रेषा दाखवून दिलेल्या रेषेएवढी दुसरी रेषा कोणती, असा अगदीं सोपा प्रश्न विचारला. गटांतील एकाखेरीज सर्वांना आधींच पढवून ठेवलें होतें आणि ते ठरल्याप्रमाणें चुकीचें उत्तर देत. स्वतःच्या डोळ्यांना स्पष्ट दिसत असतांनाही त्या एकट्या तरुणांनीं सुमारें एक-तृतीयांश वेळां गटाचीच री ओढली. तथापि या प्रयोगाचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. गटांत खरें बोलणारा एकच सोबती त्यांना दिला, तेव्हां हें प्रमाण जवळजवळ चौथाईवर आलें. पुढें २००५ सालीं गार्डनर व स्टाइनबर्ग यांनीं मोटार चालविण्याच्या एका खेळावरून असें दाखविलें कीं, मित्र जवळ असले म्हणजे तेरा ते सोळा वर्षांचीं मुलें एकटीं असतांना पत्करतात त्याहून कितीतरी अधिक धोका पत्करतात. चोविशी ओलांडलेल्यांत असा फरक जवळजवळ पडत नाहीं. अर्थात् मुलगा वाईट असतो म्हणून वाहवत जात नाहीं. तें वयच तसें असतें.

या वयांतून थोर पुरुषही सुटले नाहींत. महात्मा गांधींनीं आत्मचरित्रांत राजकोटच्या शाळेंतील एका मित्राची हकीकत दिली आहे. तो मित्र धट्टाकट्टा, धांवण्यांत व उड्या मारण्यांत पटाईत. गांधी अंधाराला, चोरांना व भुतांना भिणारे. मांसाहारानें अंगीं बळ येतें, इंग्रज त्याच बळावर राज्य करतात, असें मित्रानें त्यांना पटविलें. नदीकांठच्या एकांतांत तें भोजन झालें आणि त्या रात्रीं पोटांत बोकड ओरडत असल्याचा भास त्यांना होत राहिला. तरीही वर्षभरांत अशा पांच-सहा मेजवान्या झाल्या. त्या थांबल्या त्या उपदेशानें नव्हेत. बाहेर जेवून आल्यावर आईला "आज भूक नाहीं" असें खोटें सांगावें लागे आणि तें खोटें बोलणें त्यांना सोसेना. आईबापांच्या हयातींत मांसास शिवावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें. मैत्री मात्र लगेच तुटली नाहीं.

येथवर ऐकून संगत म्हणजे रोगच, असें कुणास वाटेल. परंतु संगतीची दुसरी बाजू पाहावयास रनाळ्याहून फार दूर जावयास नको. नंदुरबार शहरांत ९ सप्टेंबर १९४२ रोजीं शाळकरी मुलांनीं तिरंगा घेऊन मिरवणूक काढली. मुंबईत 'छोडो भारत'ची हांक दिली गेली, त्यास तेव्हां नुकताच महिना झाला होता. पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्याम शहा हीं पांच मुलें प्राणांस मुकलीं. शिरीषकुमार तेव्हां सोळा वर्षांचाही नव्हता. त्या दिवशींही एकानें दुसऱ्यास हांक मारली असेल, मागें राहिलों तर सोबती काय म्हणतील, हा विचारही एखाद्याच्या मनास शिवला असेल. वय तेंच आणि सोबत्यांची ओढही तीच.

मग दोहोंत भेद कोणता? परिणामावरून तो ठरवितां येत नाहीं. कारण नदीकांठच्या मेजवानीनें कुणाचा जीव गेला नाहीं आणि नंदुरबारच्या मिरवणुकीनें पांच घरांत अंधार झाला. भेद आहे तो उजेडाचा. राजकोटच्या त्या संगतीला एकांत हवा होता आणि आईपाशीं खोटें बोलणें हवें होतें. नंदुरबारची संगत भर दिवसा, भर चौकांतून, निशाण उंच धरून गेली. जी संगत घरापासून कांहीं लपवावयास लावते, ती मुलास आंतून एकटा करते. जी उघड्यावर चालूं शकते, ती त्यास मोठा करते. आईची बोली विसरावयास लावणारा हंशाही या कसोटीवर सांपडतो. तेथें लपविण्याची वस्तु म्हणजे आईच असते.

ही कसोटी मुलांच्या हातीं यावी, यासाठीं वडील माणसांनीं काय करावें? मुलाचे मित्र तोडणें हा सर्वांत सोपा व सर्वांत निरुपयोगी उपाय होय. बंदी घातलेली संगत संपत नाहीं, ती लपते. आणि लपणें हाच तर रोग. खानदेशांतच दुसरा एक मार्ग कुणीं तरी चालून दाखविला आहे. साने गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर ते रागें न भरतां स्वतः त्या आवरीत. मुलें लाजत आणि दुसऱ्या दिवशीं एकमेकांच्या देखत आपापली खोली नीट ठेवीत. त्यांनीं 'छात्रालय' नांवाचें हस्तलिखित दैनिकही चालविलें. मुलांची टोळी त्यांनीं मोडली नाहीं. टोळीला ज्याची लाज वाटावी व ज्याचा अभिमान वाटावा, तीं ठिकाणें तेवढीं बदललीं.

प्रत्येक घराला साने गुरुजी लाभत नाहींत. परंतु मुलाच्या मित्रांना ओसरीवर बोलावून चहा देणें, त्यांचीं नांवें ठाऊक असणें, आणि मुलानें चूक कबूल केली तर पहिल्या क्षणीं हात न उगारणें, एवढें कोणत्याही घराला साधण्यासारखें आहे. शिवाय रेषांच्या त्या प्रयोगानें सांगितलेली गोष्ट विसरूं नये: दहांपैकीं नऊ मुलें चुकीचें बोलत असतांना खरें बोलणारा एक सोबती पुरतो. तो सोबती शेजारच्या घरांतून मिळावा, अशी आशा प्रत्येक आईबाप करतात. तो आपल्या घरांतून निघावा, इतरांच्या मुलांना आपल्या मुलाचा आधार वाटावा, अशी इच्छा त्यांनीं धरली, तर संगतीविषयींची ती जुनी तक्रार पुष्कळ घरांतून हळूहळू ऐकूं येईनाशी होईल.