भिंतीतला डबा नीट बघा

वाशिम, कारंजा, रिसोड इथं आता फ्लॅट वाढले आणि उन्हाळा आला की घरोघरी कूलर, एसी सुरू होतात. तेव्हाच प्लग काळवंडतो, बोर्डातून जळका वास येतो. ‘टेप मार, चालून जाईल’ असं कृपया म्हणू नका.

दोष बहुधा सैल स्क्रूमध्ये किंवा नुसत्या पिळून जोडलेल्या तारांमध्ये असतो. असा सांधा तापतो, प्लास्टिक वितळतं. प्रवाह मर्यादेतच असल्यामुळे एमसीबी हा सुरक्षा-स्विच मात्र पडत नाही. म्हणून वास आला की मेन स्विच बंद करा.

बोर्डामागचा भिंतीतला डबा पुरेसा खोल हवा. तारा कोंबल्या तर त्यांचं आवरण सोललं जातं. लोखंडी डबा मजबूत, पण त्याला अर्थिंगची हिरवी तार जोडलेलीच हवी. प्लास्टिकचा डबा गंजत नाही आणि त्यातून करंट लागत नाही. मात्र तो आयएसआय मार्कचाच घ्या. गीझर, एसीसाठी 16 अँपिअरचा सॉकेट आणि त्याला पेलेल अशी जाड तांब्याची तार लागते.

कूलरमध्ये पाणी असतं, म्हणून 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवाच. विजेची गळती होताच तो क्षणात वीज तोडतो. कूलरमध्ये पाणी भरताना प्लग काढून ठेवा.

काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि सोसायटीच्या सभेत जिन्यातल्या मीटर बोर्डाच्या तपासणीचा विषय मांडा. महावितरणकडे तक्रारीसाठी क्रमांक आहे 1912.