आय-लीगच्या दारापर्यंत

गोंदियातल्या एखाद्या फुटबॉल क्लबला आय-लीग खेळायची असेल, तर मुंबईच्या केंकरे एफसीचा मार्ग पाहण्यासारखा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये बंगळूरूला आय-लीग पात्रता स्पर्धा झाली. राजस्थान युनायटेडनं ती जिंकली. दुसऱ्या आलेल्या केंकरेलाही त्या मोसमात आय-लीगमध्ये जागा मिळाली. याच पात्रता स्पर्धेचा आदल्या वर्षीचा विजेता, कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग, तर 2024 मध्ये आय-लीगच्याही वरच्या आयएसएलमध्ये पोहोचला. पुढं 2023 मध्ये आय-लीगकडं जाणारी राष्ट्रीय पातळीवरची सर्वांत खालची पायरी म्हणून आय-लीग 3 सुरू झाली. तिथं क्लबांची नावं राज्य संघटना पाठवते, आपल्याकडं ‘विफा’. नुसते गोल मारून भागत नाही. नोंदणी, परवाना आणि पैसाही लागतो. छोटे क्लब अडतात ते बहुधा इथंच. तेव्हा गोंदियाच्या क्लबचालकांनो, सरावासोबत कागदपत्रंही तयार ठेवा.