बगदाद : ग्रंथांनी घडलेली नगरी आणि आपले कर्तव्य

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित अंश)



अरबी भाषिक जगातील नगरे म्हटली की कैरो, दमास्कस आणि बगदाद ही नावे प्रथम ओठांवर येतात. अलीकडे त्यांत दुबई आणि दोहा यांची भर पडली. यांपैकी बगदादचा विचार आज आपल्यासमोर मांडावा असे मला वाटते. कारण या नगरीच्या उत्कर्षात भारताचा वाटा आहे आणि तिच्या आपत्तींत भारतासाठी धडा आहे.

इसवी सन ७६२ मध्ये अब्बासी खलिफा अल-मन्सूर याने टायग्रिसच्या तीरावर ही राजधानी वसवली. नगरीची रचना वर्तुळाकार होती. तिला चार वेशी होत्या आणि ‘मदिनत अल-सलाम’, म्हणजे शांतिनगरी, असे तिचे नाव ठेवले गेले. तिच्या स्थापनेनंतर अल्पावधीतच सिंधमधून आलेल्या एका शिष्टमंडळासोबत भारतीय सिद्धान्तज्योतिषाचा ग्रंथ तेथे पोहोचला. त्याच्या अरबी रूपांतराला ‘सिंदहिंद’ म्हणतात. ब्रह्मगुप्ताच्या परंपरेतील गणित अशा रीतीने अरबी विद्वानांच्या हाती आले.

हारून अल-रशीदचा वजीर यह्या हा बरमक घराण्यातला. या घराण्याचे पूर्वज बल्ख येथील ‘नवबहार’, म्हणजेच नवविहार, या बौद्ध विहाराचे प्रमुख होते. यह्याच्या आज्ञेवरून मंक नावाच्या भारतीय वैद्याने सुश्रुतसंहिता अरबीत आणली, अशी नोंद दहाव्या शतकातील इब्न अल-नदीम याच्या ग्रंथसूचीत आढळते. पुढे नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने भारतीय अंकपद्धतीवर ग्रंथ लिहिला. अरबांनी या अंकांना ‘हिंदी’ असेच म्हटले. युरोपाने ते अरबांकडून घेतले, म्हणून तेथे ते ‘अरबी’ ठरले.

हे ऐकून आपली मान उंचावते आणि ती उंचवावीही. परंतु नुसत्या अभिमानावर थांबणे योग्य नव्हे. बगदादने ज्ञान घेताना ते कोणाचे, याची लाज बाळगली नाही. ग्रीक, पारशी, भारतीय, ज्याचे जे उत्तम ते भाषांतरित केले आणि त्यात स्वतःची भर घातली. बीजगणिताला स्वतंत्र शास्त्राचे रूप देणारा ग्रंथ याच ख्वारिझ्मीचा. देणाऱ्याइतकाच घेणाराही कर्तृत्ववान होता, हे मान्य करण्यात आपले काहीच उणे होत नाही.

मग ही नगरी ढासळली कशी? १२५८ च्या फेब्रुवारीत हुलागूच्या मंगोल सेनेने बगदाद जिंकले. खलिफा अल-मुस्तासिम मारला गेला, प्रचंड कत्तल झाली आणि ग्रंथालये नष्ट झाली. घाव बाहेरून आला हे खरे. पण समोर शत्रू उभा असताना दरबारात एकवाक्यता नव्हती आणि सैन्याची सिद्धता नव्हती. विद्येला सामर्थ्याचे कवच नसेल, तर शतकांची साधना काही दिवसांत मातीमोल होते.

दुसरा घाव मात्र आतला होता. विसाव्या शतकाच्या आरंभी बगदादच्या लोकसंख्येत ज्यूंचे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास होते. इराकचे पहिले अर्थमंत्री ससून एस्केल हे बगदादचेच ज्यू. त्याच नगरीत जून १९४१ मध्ये ‘फरहूद’ नावाने ओळखला जाणारा ज्यूविरोधी हत्याकांडाचा प्रकार घडला. १९५०-५१ मध्ये सुमारे सव्वा लाख ज्यूंनी इराक सोडले. आज तेथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. अडीच हजार वर्षे त्या भूमीत नांदलेला समाज एका पिढीत संपला.

या कथेचा एक धागा थेट आपल्या पुण्या-मुंबईपर्यंत येतो. १७९२ मध्ये बगदादमध्ये जन्मलेले डेव्हिड ससून तेथील जाचाला कंटाळून बाहेर पडले आणि १८३० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईत स्थिरावले. त्यांच्या संपत्तीत अफूच्या व्यापाराचा वाटा होता, हे झाकण्याचे कारण नाही. पण पुण्याचे ससून रुग्णालय आणि मुंबईतील काळाघोड्याचे ग्रंथालय आजही त्यांचे नाव सांगते. पुण्याच्या ‘लाल देवळात’, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, त्यांची समाधी आहे. जन्मभूमीने ज्यांना परके ठरवले, त्यांना या भूमीने उपासनेसह जागा दिली. हिंदू समाजाच्या स्वभावाची ही साक्ष आहे आणि हा स्वभाव टिकवणे ही आपली जबाबदारी आहे.

एप्रिल २००३ मध्ये बगदादचे राष्ट्रीय संग्रहालय लुटले गेले, राष्ट्रीय ग्रंथालय जळाले. ५ मार्च २००७ रोजी पुस्तकांच्या अल-मुतनब्बी रस्त्यावर मोटारबॉम्बचा स्फोट झाला आणि अनेकांचे प्राण गेले. तरीही तो बाजार पुन्हा उभा राहिला. आजही शुक्रवारी तेथे ग्रंथांची रास लागते. या चिकाटीला दाद दिलीच पाहिजे.

बंधुभगिनींनो, नालंदेची आग आपण विसरलेलो नाही आणि विसरूही नये. पण ५ जानेवारी २००४ रोजी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेवर झालेला हल्ला परकीयांनी केलेला नव्हता. पोथ्या फेकल्या गेल्या, त्या आपल्याच माणसांच्या हातून. आणि आजही मोडी लिपीतील लक्षावधी कागद वाचकाची वाट पाहत पडून आहेत. त्यांना जाळायला कोणा हुलागूची गरज नाही. वाळवी आणि आपली उदासीनता पुरेशी आहे.

म्हणून माझी विनंती साधी आहे. प्रत्येक शाखेच्या क्षेत्रात, प्रत्येक वस्तीत निदान दोन तरुणांनी मोडी शिकावी. घरच्या माळ्यावर जुनी दप्तरे असतील, तर ती जाणकारांना दाखवावीत. गावच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी आणि तेथे मुलांना घेऊन जावे. पूर्वजांनी बगदादला ग्रंथ दिले, हे सांगण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच राहील, जेव्हा उरलेले ग्रंथ आपण सांभाळू.

भारत माता की जय!