पाड्यावरची लिहिती भिंत

(पवई येथे हितचिंतकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आमच्या छोट्या शाळेविषयी चार शब्द बोलायला मला सांगितले आहे. पवई तलावाच्या अलीकडे उंच इमारती, पलीकडे आरेच्या जंगलात वारली, कोकणा, मल्हार कोळी यांचे पाडे. तिथली मुले दुपारी आमच्याकडे येतात. काहींची सकाळची शाळा सुटलेली असते, काहींची शाळाच सुटलेली असते.

आमची वाट नवी नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला आल्या. पुढे दोघींनी कोसबाडच्या टेकडीवर काम उभे केले. आदिवासी मुले शाळेत का येत नाहीत, हे त्यांनी घरोघरी जाऊन पाहिले. कुणी गुरे राखत होते, कुणाच्या कडेवर धाकटे भावंड होते. मग अंगणात अंगणवाडी भरली, कुरणावर कुरणशाळा भरली, तान्ह्यांसाठी पाळणाघर आले. मूल येत नसेल तर शाळेने जावे, एवढेच आम्ही त्यांच्याकडून घेतले.

आमचा पहिला धडा भिंतीवर होतो. शेणामातीने सारवलेली भिंत, पाण्यात कालवलेले तांदळाचे पीठ आणि बांबूची काडी. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा राहतो. तारपावाल्याभोवतीचा नाच काढता काढता मोजणी येते. मग प्रत्येक नाचणाऱ्याखाली एकेक नाव येते. वारली माणूस चित्र ‘काढत’ नाही, ‘लिहितो’. त्यामुळे अक्षर मुलांना परके वाटत नाही. शिकवायला पाड्यावरच्या दोन आज्या आहेत. त्या स्वतः अंगठा उठवतात, पण भिंतीपुढे त्याच आमच्या गुरू.

आता अडचणीचे बोलतो. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. आज वारली चित्र कपांवर, पिशव्यांवर सगळीकडे दिसते. एका देणगीदारांनी सुचवले, “मुलांकडून अशा वस्तू करून घ्या, शाळा स्वतःच्या पायावर उभी राहील.” हेतू चांगला होता आणि आम्हाला पैशांची निकड होती. आम्ही पाड्यावर बैठक बोलावली. एक आजी म्हणाल्या, “लग्नाचा चौक देवीचा आहे, तो इकायचा नाय. आन् पोरं शिकायला येतात, कामाला नाय.” त्यावर कुणी काही बोलले नाही. देणगी आली नाही, शाळा चालू राहिली.

मोठेपणी कुणी चित्रकार झाले, त्याने आपल्या कलेचे मोल जरूर घ्यावे. पण दहा वर्षांच्या मुलाच्या हातावर शाळेचे भाडे चालू नये.

म्हणून आपल्याकडे मागणे एकच. आम्हाला इमारत नको. या दोन आज्यांचे वर्षभराचे मानधन आपण उचला. आणि एकदा पाड्यावर या, भिंत वाचायला मुलेच शिकवतील.

जोहार!