भाताचा चिखल आणि उसाचे मूळ



हिरण्यकेशीच्या खोऱ्यातील आजरा हा पूर्वी इचलकरंजी जहागिरीतील महाल. येथील घनसाळ तांदळाला 2016 साली भौगोलिक मानांकन लाभले आणि त्याच्या सुवासाची कीर्ती दूरवर गेली, तरी तो भात ज्या खाचरात पिकतो त्याच्या तळाशी काय घडते याची वास्तपुस्त फारसे कोणी करीत नाही. चिखलणीच्या वेळी मातीची घडण मोडते, तिच्यातील मोठी रंध्रे मिटतात, आणि औजारांच्या व पायांच्या दाबाने सुमारे वीतभर खोलीवर एक कठीण थर जमतो. तो पाणी अडवून धरतो म्हणूनच भात पोसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतकऱ्याने तो जाणूनबुजून राखलेला आहे.

परंतु चित्री धरणाचे पाणी आणि गवसे येथील साखर कारखाना यांमुळे खाचराच्या शेजारी, कित्येकदा खाचरातही, ऊस आला. उसाच्या मुळांना खोल व हवेशीर जमीन लागते, तेव्हा भाताला जे वरदान तेच त्याला विघ्न. त्यात भर रोटाव्हेटरची: त्याची पाती दरसाल एकाच खोलीवर फिरतात, वरची माती पिठासारखी होते, मालक खूष होतो, आणि खालचा तळ मात्र घासला जाऊन अधिकच घट्ट होतो.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी हाकाटी झाली होती. ट्रॅक्टरविषयी तसली हाकाटी मी करणार नाही. दोष यंत्राहून वेळेचा अधिक आहे. वापसा येण्यापूर्वी, ओल्या रानात उसाची भरलेली ट्रॉली घातली म्हणजे जमीन दबते, आणि त्यातही सर्वाधिक हानी चाकाच्या पहिल्याच फेरीत होते. यास्तव ये-जा नेहमी एकाच चाकोरीने व्हावी. रुंद टायरांनी वरचा थर काहीसा वाचतो खरा. पण खोलवरचा दाब मुख्यतः आसावरील वजनावर अवलंबून असल्याने तेथे त्यांचा इलाज फारसा चालत नाही.

दबलेली जमीन सबसॉयलरने फोडावयाची तर ती एप्रिल-मे महिन्यांत, खोलवर कोरडी असताना. ओलीत तो केवळ एक चीर पाडून निघून जातो. आणि ज्या खाचरात पुन्हा घनसाळ लावावयाचा आहे तेथे हे औजार नेऊच नये, कारण तो थर एकदा फुटला की पाणी ठरत नाही, आणि पुन्हा जमण्यास त्याला कित्येक चिखलण्या लागतात.